आपणच नीतिमान, हा भाव कसा सोडावा: नम्रतेचा रोजचा सराव

येशूच्या एका दाखल्यात (लूक १८:९-१४) मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, एकही खोटं वाक्य बोलत नाही. तो लुबाडणारा नव्हता, व्यभिचारी नव्हता. नियमशास्त्राने वर्षातून एकच उपास सक्तीचा केला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा; हा आठवड्यातून दोनदा उपास करायचा. सगळ्या उत्पन्नाचा दशमांश द्यायचा. प्रार्थनेची सुरुवातसुद्धा त्याने आभार मानून केली. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो त्याच मंदिरात दूर उभा राहून दया मागणारा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी मानत असा कर वसूल करणारा. त्यामुळे ‘मी काही ढोंग करत नाही, मग हा विषय माझा नाही’ असं म्हणून कोणालाच यातून अंग काढून घेता येत नाही. स्वधार्मिकता, म्हणजे आपणच नीतिमान हा भाव, बहुतेक वेळा खऱ्याखुऱ्या चांगुलपणावरच पोसलेली असते, आणि म्हणूनच ती जुन्या, निष्ठावंत विश्वासणाऱ्यांमध्ये जास्त आढळते.

दाखला कोणाला उद्देशून होता हे लूक आधीच सांगून टाकतो: आपण नीतिमान आहोत असा स्वतःविषयी भरवसा धरून जे इतर सर्वांना तुच्छ मानत होते त्यांना. भरवसा आणि तुच्छता, या दोन्ही गोष्टी जोडीने येतात. स्वतःवरचा भरवसा आपला आपल्याला सहसा दिसत नाही, कारण तो देवावरच्या विश्वासासारखाच वाटतो. तुच्छता मात्र पकडता येते. कामाला तिथूनच लागायचं.

आधी आठवडाभर नुसती नोंद

एक छोटी वही घ्या आणि सात दिवस काहीही बदलायचा प्रयत्न न करता फक्त नोंद ठेवा. कोणाबद्दल मनात कमीपणाचा विचार आला की तीन गोष्टी लिहायच्या: कोणाबद्दल, कशावरून, आणि त्याच क्षणी स्वतःबद्दल काय वाटलं. तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका. ‘ती पुन्हा प्रार्थनासभेला आली नाही’ एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. ‘ती आली नाही, आणि मी मात्र अंगात ताप असताना आलो’ असं पूर्ण लिहिलं की आपण कशाला टेकून उभे आहोत ते कळतं.

आठवड्याच्या शेवटी फक्त तिसरा रकाना वाचा. तेच ते दोन-तीन विषय पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. कोणाचं बायबलचं ज्ञान, कोणाची नियमित उपस्थिती, कोणाच्या मुलांना लागलेलं वळण, कोणाचा शुद्ध सिद्धांत, तर कोणी मंडळीसाठी सोसलेल्या खस्ता.

हा भाव उघड्या तोंडाने क्वचितच येतो. काही सोंगं ओळखून ठेवा. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ असं सांगताना गरजेपेक्षा जास्त तपशील बाहेर पडतो. उपदेश ऐकताना ‘हे त्याने ऐकायला हवं होतं’ असं वाटतं. दुसऱ्याच्या चुकीला आपण स्वभाव म्हणतो आणि आपल्या चुकीला परिस्थिती. सत्याच्या बाजूने बोलताना समोरचा हरल्याचा आनंद सत्य सांगितल्याच्या आनंदापेक्षा मोठा होतो. यात सगळ्यात फसवं सोंग म्हणजे परूशाचा दाखला वाचून ‘देवा, मी त्या परूशासारखा नाही म्हणून तुझे आभार’ असं मनात येणं. कडक, नियमनिष्ठ लोकांना हसणाऱ्या मोकळ्या विचारांच्या विश्वासणाऱ्यांना हा धोका तितकाच आहे.

भरवशाची यादी करा, पौलाने केली तशी

फिलिप्पैकरांस पत्राच्या ३:५-६ मध्ये प्रेषित पौल आपल्या जमेच्या बाजू मोजून दाखवतो. आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंश, बन्यामीन कुळ, इब्र्यांपासून झालेला इब्री, या चार गोष्टी जन्माने मिळालेल्या. परूशी पंथ, मंडळीचा छळ करण्याइतका आवेश, नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वात निर्दोष, या तीन स्वतः कमावलेल्या. त्या वाईट होत्या असं तो सरसकट म्हणत नाही. ख्रिस्तामुळे त्या तोट्याच्या समजलो, असं म्हणतो. म्हणजे देवापुढे उभं राहण्याचा आधार म्हणून त्या त्याने रद्द केल्या.

अर्धा तास काढून अशीच स्वतःची यादी लिहा, त्याच दोन भागांत. मिळालेल्यांत घराणं, लहानपणापासूनचं ख्रिस्ती वळण, शिक्षण, शांत स्वभाव, चांगले पाळक. कमावलेल्यांत सेवा, अभ्यास, सोडलेली व्यसनं, दिलेलं दान. आता १ करिंथकरांस ४:७ उघडा. जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे, असा तिथे पौलाचा प्रश्न आहे. तो यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगवेगळा विचारा. कमावलेल्या भागातल्या निम्म्याहून जास्त ओळी हळूहळू मिळालेल्या भागात सरकतात. व्यसन सोडलं खरं, पण त्या वेळी कोण पाठीशी उभं होतं? वचनाचा अभ्यास केला, पण वाचायला शिकवलं कोणी आणि तेवढी फुरसत आली कुठून?

इथे एक गफलत होते. काही जण यादी फाडून टाकतात आणि ‘मी काहीच नाही’ म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. यादी राहू द्या आणि प्रत्येक ओळीसाठी आभार माना. परूशाचे आभार आणि हे आभार यांत फरक एवढाच की यात ‘इतरांसारखा मी नाही’ हे वाक्य नसतं.

कबुली: शौलाची आणि दाविदाची

या सगळ्या सरावाचा कणा पापकबुली आहे, आणि लोक सर्वांत जास्त चुकतात तेही इथेच. कबुली कशी बिघडते हे १ शमुवेल १५ मध्ये फार जवळून पाहायला मिळतं. अमालेकाचं सगळं काही नष्ट कर, अशी परमेश्वराची आज्ञा असताना शौल राजाने त्यांची उत्तम गुरंमेंढरं राखून ठेवली. संदेष्टा शमुवेल येताच शौलाचं पहिलं वाक्य होतं, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. मागे मेंढरं ओरडत होती. ती कुठून आली विचारल्यावर तो म्हणाला, लोकांनी आणली, आणि तीही यज्ञासाठी. पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच: मी पाळली, लोकांनी लूट घेतली. मग ‘मी पाप केलं’ हे शब्द आले, पण सोबत कारणही आलं: लोकांची भीती वाटली. शेवटी परत एकदा ‘मी पाप केलं’, आणि लगेच विनंती, की वडीलजनांपुढे माझा मान राख.

नाकारणं, दुसऱ्यावर ढकलणं, धार्मिक हेतू पुढे करणं, कारण सांगणं, आणि कबुली देतानाही अब्रू सांभाळणं. आपली शेवटची पाच-सहा क्षमायाचनेची वाक्यं आठवून या पाचांशी ताडून पाहा.

दाविदाचा प्रसंग २ शमुवेल १२ मध्ये आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला मारवलं होतं. संदेष्टा नाथानाने श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद संतापला. तो माणूस मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी, असा निवाडा त्याने केला. दुसऱ्याच्या पापावर त्याची न्यायबुद्धी अगदी तल्लख चालत होती. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे ऐकल्यावर मात्र तो एकच वाक्य बोलला: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. पुढे ‘पण’ नाही. शौलापेक्षा त्याचा गुन्हा लहान होता असं कोणी म्हणणार नाही. फरक कबुलीत आहे.

माणसाकडे क्षमा मागताना चार भाग ठेवा. काय केलं ते नेमक्या क्रियापदात सांगा: ‘बैठकीत सगळ्यांसमोर मी तुला खोटं पाडलं.’ त्याने काय नुकसान झालं ते सांगा. ते चूक होतं असं स्वच्छ म्हणा. भरून काढायला काय करणार ते सांगा, आणि मग थांबा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी सुरुवात नको. त्यात दोष ऐकणाऱ्याच्या मनावर जातो. लगेच क्षमा मिळाली पाहिजे असा आग्रहही धरू नका. जे चारचौघांत घडलं त्याची क्षमा चारचौघांत मागायची. जे समोरच्याला माहीतच नाही, नुसतं आपल्या मनात होतं, ते देवापुढे कबूल करा. ‘मी तुझा वर्षभर द्वेष करत होतो’ असं जाऊन सांगितल्याने ओझं फक्त आपल्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर जातं.

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नम्रतेच्या १२ पायऱ्या घालून दिल्या, त्यांतली पाचवी हीच आहे: मनातले वाईट विचार आपल्या मठाधिपतीपासून लपवू नयेत. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीने १७३८ साली लहान गटांसाठी नियम केले, त्यात आठवड्यातून एकदा भेटून, मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा होता. आज हे करायचं तर एकच माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. जो आपल्या हाताखाली काम करत नाही, जो आपल्या कौतुकावर अवलंबून नाही, आणि ज्याच्या तोंडून दुसऱ्यांची गुपितं आपण कधी ऐकली नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास पुरतो.

दोन-तीन भेटींनंतर ही बैठक घसरते, आणि ती कशी घसरते हे ठरलेलं आहे: एकतर दहा वर्षांपूर्वीची, आता न बोचणारी पापं सांगितली जातात, किंवा ‘मी चिडलो’ म्हणत समोरच्याने काय काय केलं याचीच यादी होते. म्हणून नियम ठेवा, की घटना मागच्या पंधरा दिवसांतलीच हवी आणि दुसऱ्या माणसाचं वर्णन एका वाक्यात संपलं पाहिजे.

रात्रीची पंधरा मिनिटं

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात पाच भागांचं आत्मपरीक्षण शिकवलं: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. कोणत्याही परंपरेतल्या माणसाला ते वापरता येतं. क्रम बदलू नका. आभारांनी सुरुवात केली की आपण कोणापुढे बसलो आहोत ते लक्षात राहतं. थेट चुकांपासून सुरुवात केली तर दहा मिनिटांत एकतर स्वतःचं समर्थन सुरू होतं, नाहीतर निराशा येते. प्रकाश मागण्यासाठी स्तोत्र १३९:२३-२४ पुरेसं आहे. उजळणीत दिवसातला एकच प्रसंग घ्या आणि तो पूर्ण पाहा. शेवटी जकातदाराचं वाक्य म्हणा: हे देवा, मज पापी माणसावर दया कर. त्यात मागणी आहे, तुलना नाही.

ज्यांचा स्वभाव आधीच स्वतःला दोष देण्याचा आहे, क्षमा मागूनही ज्यांना रात्रभर तीच गोष्ट छळते, त्यांनी हे पाच मिनिटांवर आणावं, १ योहान १:९ वाचून तिथेच थांबावं आणि त्याच पापाची कबुली दुसऱ्यांदा देऊ नये. तरीही छळ थांबत नसेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांशीही बोलावं. सतत अपराधी वाटणं याला नम्रता म्हणत नाहीत.

मुसळ काढल्यावर कुसळाचं काय?

मत्तय ७:१-५ चा अर्थ ‘कोणाला काही बोलूच नये’ असा लावला जातो. वचन तसं म्हणत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं ते सांगतं. कुसळ काढायचंच आहे. डोळा नाजूक असतो, म्हणून हात स्थिर हवा. कोणाला चूक दाखवायची असेल तर निदान एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याने सुधारावं एवढीच नव्हे तर त्याचं भलं व्हावं अशी. त्याच प्रकारचं पाप आपल्या आयुष्यात कोणत्या रूपात आहे ते शोधा. ते जवळपास नेहमी सापडतं, आणि रोम २:१ तेच बजावतं. मग एकट्याने, एकांतात जा (मत्तय १८:१५), सौम्यतेने बोला (गलती ६:१). जायची फार उत्सुकता वाटत असेल तर अजून वेळ झालेली नाही असं समजा.

याला एक अपवाद आहे. मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलांचा छळ, पैशांचा अपहार असेल तिथे ‘आधी माझं मुसळ’ म्हणत बसायचं नाही. पीडिताला सुरक्षित करायचं आणि कायद्याने ज्यांना कळवायला हवं त्यांना कळवायचं. नम्रतेच्या नावाखाली गप्प बसवलेल्या लोकांची मोठी हानी झाली आहे. खुद्द पौलाने फिलिप्पैत बेकायदा फटके बसल्यावर आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं (प्रेषित १६:३७).

आपल्यावर टीका होते तेव्हा

स्वधार्मिकतेचा खरा पत्ता इथे लागतो. ऐकत असताना उत्तर तयार करू नका. ‘तुम्ही काय म्हणालात ते मी नीट लिहून घेतो’ म्हणा आणि खरोखर लिहा. उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. तोवर त्यातला खरा भाग शोधा. दहातली एक गोष्ट खरी असेल तर उरलेल्या नऊंचं खंडन नंतर करता येईल. आधी त्या एकीची कबुली द्या. सांगणाऱ्याचा हेतू वाईट आहे, त्याचा स्वतःचा इतिहास वाईट आहे, हे बहुधा खरंही असेल, पण त्याने मुद्दा खोटा ठरत नाही. आणि दहाच्या दहा खोट्या असतील तर तसं शांतपणे, एकदाच सांगायला हरकत नाही.

कोणाला न दिसणारं काम

मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींना एकच अट आहे: गुप्तता. महिनाभरासाठी एक असं काम घ्या ज्याची नोंद होत नाही, ज्याबद्दल फलकावर नाव लागत नाही. उपासनेनंतर खुर्च्या लावणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसणं, वर्षानुवर्षं एकट्या राहणाऱ्याला नियमित फोन. समाजमाध्यमावर टाकायचं नाही, साक्षीत सांगायचं नाही, घरीही शक्य तितकं कमी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू होते: मी एकटाच का? लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातल्या, घरीच राहिलेल्या मोठ्या मुलाचं वाक्य तिथे हुबेहूब उमटतं, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतो आहे. याने घाबरून काम सोडू नका. आजवर सेवेच्या बदल्यात आपण नकळत काहीतरी वसूल करत होतो, हे त्या कुरकुरीमुळे उघड्यावर येतं. ती आली त्या दिवसाची तारीख वहीत लिहा, कबूल करा, काम चालू ठेवा.

जुन्या दुखापतींमुळे कोणाबद्दल कडवटपणा असेल तर मत्तय १८:२३-३५ मधला हिशेब एकदा प्रत्यक्ष करून पाहा. तिथे राजा एका दासाचं १०,००० तालांतांचं कर्ज माफ करतो, आणि तोच दास सोबतीच्या दासाला थोड्या कर्जासाठी तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. १०,००० तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, जी कोणत्याच आयुष्यात फिटणार नाही. सोबतीच्या दासाचं कर्ज होतं १०० दीनार. तेही थोडं नाही, तीन महिन्यांहून जास्त कमाई आहे. आपल्याला झालेली दुखापत खोटी आहे असं प्रभू म्हणत नाही. ती कोणत्या रकमेशेजारी ठेवायची ते तो दाखवतो.

नम्रतेचाच अहंकार

सराव रुळला की नवा धोका येतो: मी किती नम्र झालो. कलस्सै २:२३ मध्ये पौल अशा दिखाऊ नम्रतेचा आणि देहदंडनाचा उल्लेख करतो, की त्यात शहाणपणाचा नुसता भास आहे. ओळखायची सोपी जागा म्हणजे कौतुक. कोणी चांगलं म्हटलं की ‘छे छे, मी कसला, मी तर धूळ’ असं लांबण लावलं की समोरच्याला आणखी दोनदा कौतुक करावं लागतं. ‘धन्यवाद, मदत झाली हे ऐकून बरं वाटलं’ एवढं पुरे. मग विषय त्याच्याकडे वळवा.

फरक पडतोय का, हे कसं पाहावं

स्वतःला गुण देऊन नव्हे. पौलाच्या नावची पत्रं क्रमाने पाहिली तर इसवी सन ५५ च्या सुमाराच्या १ करिंथकरांस पत्रात तो प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ आहे (१५:९), इफिसकरांस पत्रात सर्व पवित्र जनांतल्या लहानाहून लहान (३:८), आणि १ तीमथ्यात पाप्यांमध्ये मुख्य (१:१५). वर्षं वाढली तशी स्वतःविषयीची भाषा खाली आली, आणि कृपेविषयीची वर गेली. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी आपली पापं आधीपेक्षा जास्त दिसू लागली तर सराव बिघडला असं मानू नका.

बाहेरच्या खुणा मात्र तपासता येतात. क्षमा मागायला आधी आठवडा लागायचा, आता दिवस लागतो का? दुसऱ्याच्या पडण्याची बातमी कळल्यावर ती पुढे सांगायची ऊर्मी कमी झाली का? तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घरातल्या माणसाला, जोडीदाराला किंवा मोठ्या मुलाला, सरळ विचारा: ‘माझ्याबरोबर असताना तुला कमी लेखल्यासारखं कधी वाटतं?’ उत्तर पूर्ण ऐका, एकही खुलासा करू नका, आणि जे ऐकलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या तीन महिन्यांचं काम तिथूनच ठरतं.